कुत्र्याला शिकवायची कोणती पद्धत खरंच चालते? खान्देशातून वारंवार येणारे प्रश्न

जळगाव आणि आसपासच्या गावांत घरोघरी जाऊन मी कुत्र्यांना आणि त्यांच्या माणसांना शिकवते. भुसावळ, चोपडा, पारोळा, धुळे, साक्री, शहादा, सगळीकडून व्हॉट्सॲपवर प्रश्न येत असतात. त्यातले बहुतेक एकाच गोष्टीभोवती फिरतात: मारून शिकवायचं, खाऊ देऊन, की दोन्ही? सारखे येणारे प्रश्न इथे सोप्यापासून अवघडापर्यंत लावले आहेत. एखादी गोष्ट दुसऱ्या उत्तरात आली असेल तर तिथला क्रमांक दिला आहे.

१. पद्धती नेमक्या किती? जो तो वेगळं नाव सांगतो.

नावं पुष्कळ आहेत, पण कुत्र्याच्या बाजूनं बघितलं तर दोनच गोष्टी घडतात. काही केल्यावर लगेच चांगलं मिळालं तर ते वागणं वाढतं, वाईट घडलं तर कमी होतं. एका टोकाला बक्षिसाची पद्धत: खाऊ, खेळ, शाबासकी, आणि चुकलं तर बक्षीस हुकतं, एवढंच. दुसऱ्या टोकाला दटावणीची: चोक चेनचा (ओढली की गळा आवळणाऱ्या साखळीचा) झटका, काटेरी पट्टा, काठी, शॉक कॉलर (बटण दाबलं की विजेचा झटका देणारा पट्टा). मधली ती मिश्र, तिला ट्रेनर मंडळी 'बॅलन्स्ड' म्हणतात.

दटावणीची पद्धत जुनी. जर्मनीत कोनराड मोस्ट यांनी १९१० मध्ये तिच्यावर पुस्तक लिहिलं आणि पुढे कित्येक दशकं तीच चालली. बक्षिसाच्या पद्धतीचा पाया अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांच्या १९३० च्या दशकातल्या प्रयोगांत आहे. घरच्या कुत्र्यांपर्यंत ती मोठ्या प्रमाणावर पोचली १९९० च्या सुमारास.

२. ताई, एका वाक्यात सांगा, जास्त परिणामकारक कोणती?

घरी पाळलेल्या कुत्र्यासाठी बक्षिसाची.

आता कारणं. ब्रिटनमध्ये २००४ साली कुत्रा पाळणाऱ्या ३६४ जणांची पाहणी झाली. बक्षिसानं शिकवलेले कुत्रे जास्त ऐकणारे निघाले, आणि शिक्षा वापरणाऱ्या घरांत वागण्याच्या तक्रारी जास्त निघाल्या. २०२० मध्ये पोर्तुगालमधल्या सात प्रशिक्षण शाळांतले ९२ कुत्रे तपासले. शिक्षेवर भर असलेल्या शाळांतल्या कुत्र्यांमध्ये ताणाच्या खुणा जास्त होत्या आणि शिकवणीनंतर लाळेतलं कॉर्टिसोल हे ताणाचं संप्रेरकही जास्त वाढलेलं होतं. या दोन्ही अभ्यासांत कुत्रे चिठ्ठ्या टाकून वाटलेले नव्हते. अवघड कुत्रा असणारा माणूसच काठीकडे वळत असेल, ही शंका त्यामुळे उरते. म्हणून मला ब्रिटनच्या लिंकन विद्यापीठाचा २०२० चा अभ्यास जास्त मोलाचा वाटतो. हाकेला न येण्यासारख्या तक्रारी असलेले ६३ कुत्रे तीन गटांत होते. एका गटाला शॉक कॉलरवाल्या ट्रेनरनी कॉलर लावून शिकवलं, दुसऱ्याला त्याच ट्रेनरनी कॉलरशिवाय, तिसऱ्याला बक्षिसानं शिकवणाऱ्या ट्रेनरनी. पहिल्याच हाकेला ऐकण्यात तिसरा गट पुढे निघाला.

माझं स्वतःचं कारण मात्र याहून साधं आहे. घरातली माणसं शिकवताना चुकतात. उशीर करतात, भलत्या क्षणी हात उचलतात. बक्षीस चुकीच्या वेळी दिलं तर एक तुकडा वाया जातो. चापट चुकीच्या वेळी बसली तर ती त्या क्षणी समोर असलेल्या कशालाही चिकटते, मग ते आपलं लहान मूल का असेना. पद्धत निवडताना ती चुकली तर काय होईल, हे मी आधी बघते.

३. एका चापटीनं एवढं काय बिघडतं? आमचे आजोबा तर काठीनंच शिकवायचे.

माझी पहिली लॅब्रॅडॉर होती, राणी. रोज सकाळी मी तिला मेहरूण तलावावर फिरायला न्यायची. एका ट्रेनरनं सांगितलं होतं की दुसरा कुत्रा बघून ती ओढायला लागली की चोक चेनला झटका द्यायचा. मी मनापासून ते पाळलं. सुरुवातीला ती शेपूट हलवत, खेळायला म्हणून ओढायची. तिसऱ्या महिन्यात पन्नास फुटांवर कुत्रा दिसला तरी तिच्या मानेपासून शेपटीपर्यंत केस उभे राहायचे आणि घशातून बारीक घरघर सुरू व्हायची.

माझ्या हिशेबानं झटका म्हणजे 'ओढू नकोस'. तिच्या हिशेबानं, समोर कुत्रा आला की गळा आवळतो. रशियन शास्त्रज्ञ पावलोव्हच्या कुत्र्यांना खाण्याआधीच्या खुणेनं लाळ सुटायची, तीच जोडणी इथे वेदनेशी झाली होती.

अमेरिकेत २००९ साली १४० मालकांच्या पाहणीत, ज्यांनी कुत्र्याला मारलं किंवा लाथ घातली त्यांच्यापैकी ४३ टक्के लोकांनी सांगितलं की कुत्रा उलट अंगावर आला. नुसतं डोळे रोखून बघणाऱ्यांतही हे प्रमाण ३० टक्के होतं. आजोबांच्या काळात कुत्रा अंगणात असायचा आणि आवडलं नाही तर लांब निघून जायचा. आज तो टू बीएचके फ्लॅटमध्ये आहे, त्याला जायला जागा नाही.

४. पण मालक कोण हे दाखवावं लागतंच ना? आधी आपण जेवायचं, मग त्याला.

ही कल्पना लांडग्यांवरून आली. रुडॉल्फ शेंकेल यांनी १९४७ मध्ये बंदिस्त लांडग्यांचं वर्णन केलं होतं. अनोळखी लांडगे एकत्र कोंडले होते, ते वर्चस्वासाठी भांडले. लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मेक यांच्या १९७० च्या पुस्तकानं 'अल्फा', म्हणजे कळपाचा म्होरक्या, हा शब्द सगळीकडे पोचवला. त्याच मेक यांनी १९९९ मध्ये लिहिलं की रानातला कळप म्हणजे आईबाप आणि त्यांची पिल्लं, तिथे गादीसाठी मारामारी नसते.

आधी जेवायचं तर खुशाल जेवा, काही बिघडत नाही. कुत्र्याला उलथं पाडून दाबून धरणं मात्र सोडा, त्यानं लोक चावून घेतात. शिस्त हवीच. दार उघडण्याआधी बसायचं, ताट ठेवेपर्यंत थांबायचं. ही शिस्त बक्षिसानंच लागते, कारण उघडलेलं दार हेच बक्षीस असतं.

५. खाऊ दिला तरच ऐकतो, हात रिकामा असला की बघतही नाही. मग ही पद्धत फसवीच ना?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त येतो. दर वेळी चूक एकच निघते: खाऊ आधी दाखवला जातो. ते बक्षीस राहत नाही, लाच होते.

पहिले चार-पाच वेळा तुकडा बोटात धरून हात नाकावरून वर न्या, कुत्रा बसेल. पुढच्या वेळी हात तसाच न्या, पण रिकामा. बसला की 'हो!' म्हणा आणि दुसऱ्या हातानं खिशातून किंवा टेबलावरच्या डब्यातून द्या. एवढं जमलं की दर वेळी देणं थांबवा. कधी दुसऱ्यांदा, कधी पाचव्यांदा, आणि उत्तम केलं तर एकदम तीन तुकडे. लॉटरीचं तिकीट माणूस पुन्हा पुन्हा का घेतो, ते आठवा. नियम एकच: नवीन गोष्ट शिकताना दर वेळी बक्षीस, पक्की झाल्यावर अधूनमधून. लोक एक तर पहिल्या आठवड्यातच खाऊ बंद करतात, नाही तर वर्षभर दर वेळी देत राहतात.

६. खाऊ कोणता द्यायचा? आमचं घर शाकाहारी आहे.

पनीर, उकडलेलं रताळं, ज्वारीची भाकरी, बिनमिठाचे भाजलेले शेंगदाणे साल काढून, आणि आपल्याकडे काय कमी नाही ते, केळं. तुकडा शेंगदाण्याच्या पाकळीएवढाच हवा. चालत असेल तर उकडलेलं चिकन किंवा कलेजी. कलेजी उकडून, पुसून, तव्यावर कोरडी केली की खिशात चिकट होत नाही. घरात भाकरीवर खूश असलेला कुत्रा बाजारपेठेत तिच्याकडे बघणार नाही, तिथे कलेजी लागते. जितका गोंधळ जास्त, तितकं बक्षीस भारी.

शेव देऊ नका. भरीत, काळ्या मसाल्याची रस्सा भाजी देऊ नका, कांदा-लसूण कुत्र्याला विषारी आहे. द्राक्षं, मनुका, चॉकलेट अजिबात नाही.

७. क्लिकर घ्यावाच लागतो का?

नाही. क्लिकर म्हणजे दाबलं की 'टक' वाजणारी छोटी डबी, कुत्र्यानं बरोबर केलं त्या क्षणी ती वाजवून मग खाऊ देतात. २०१६ मध्ये इटलीत ५१ कुत्र्यांवर प्रयोग झाला: क्लिकर, तोंडी शब्द आणि नुसता खाऊ. शिकण्यात फरक दिसला नाही. क्लिकरचा फायदा माणसाला होतो, नेमका क्षण पकडायची सवय लागते. जिभेनं 'टॉक' केलं तरी चालतं.

८. रोज किती वेळ शिकवायचं?

पाच मिनिटं, दिवसातून एकदा-दोनदा, आणि सुट्टी पडली तर घाबरू नका. डेन्मार्कमध्ये २००८ साली बीगल कुत्र्यांवर तुलना केली. आठवड्यातून एकदा शिकणाऱ्यांना तीच गोष्ट शिकायला पाचदा शिकणाऱ्यांपेक्षा कमी वर्ग लागले. दिवस अर्थात जास्त गेले. मधल्या दिवसांत शिकलेलं मुरतं.

आपल्याकडे खरा प्रश्न उन्हाचा आहे. एप्रिल-मेमध्ये पारा ४५ च्या आसपास जातो. तेव्हा बाहेरचा सराव सकाळी साडेसहाच्या आत उरका. संध्याकाळी डांबरावर हाताचा पंजा पाच-सात सेकंद ठेवून बघा, तुम्हाला सोसवत नसेल तर त्यालाही नाही. धापा टाकणारा कुत्रा बसत नाही म्हणून ओरडणारे लोक मी पाहिलेत. तो हट्ट करत नसतो, जमीन भाजत असते.

९. पिल्लू किती महिन्यांचं झाल्यावर सुरू करायचं?

आणलं त्याच दिवशी. तिसऱ्या ते साधारण चौदाव्या आठवड्यात पिल्लू जे शांतपणे अनुभवतं ते त्याला आयुष्यभर नेहमीचं वाटतं. लसी पुऱ्या होईपर्यंत जमिनीवर सोडू नका, पण कडेवर घेऊन ट्रॅक्टर, बैल, एसटी स्टँड, लाऊडस्पीकर, काठी टेकत येणारे आप्पा, सगळं लांबून दाखवा आणि तोंडात तुकडा द्या. या वयातला एक महिना पुढच्या वर्षभराच्या ट्रेनिंगला भारी पडतो. या वयात मार तर नकोच.

१०. घरात शू केली की नाक त्यात घासायचं का? त्याला चूक कळते, चेहरा कसा पाडतो!

तो पडलेला चेहरा पश्चात्तापाचा नाही. अमेरिकेत अलेक्झांड्रा हॉरोविट्झ यांनी २००९ मध्ये १४ कुत्र्यांवर हे तपासलं. मालक रागावले की कुत्रे चेहरा पाडायचे, मग त्यांनी खरंच चूक केलेली असो वा नसो. तो तुमचा राग वाचतो, त्या रागाचं कारण त्याला ठाऊक नसतं.

नाक घासलं तर पिल्लू एवढंच शिकतं की माणसासमोर शू करायची नाही. मग ते पलंगामागे जातं. झोपून उठलं, जेवलं, खेळलं की लगेच बाहेर न्या आणि शू संपताक्षणी तिथेच खाऊ द्या, घरात आल्यावर नाही. आतली जागा पाणी-डिटर्जंटनं धुऊन वास पूर्ण घालवा.

११. आई अहिराणी बोलते, मुलं इंग्रजी, मी मराठी. कुत्र्याचा गोंधळ होतो का?

होतो. 'आठे ये', 'इकडे ये' आणि 'कम' हे त्याच्यासाठी तीन वेगळे आवाज आहेत. भाषा कोणतीही चालेल, शब्द एकच ठरवा आणि कागदावर लिहून फ्रीजवर लावा. माझा आग्रह आजीच्या शब्दाचा असतो, कारण दिवसभर घरात तीच असते आणि ती बदलणार नाही. हाताची खूणही जोडा, कुत्रा म्हातारपणी बहिरा झाला तर तीच उपयोगी पडते.

१२. गावठी कुत्रा शिकतो का?

उत्तम शिकतो. कोलकात्याच्या आयसर या विज्ञान संस्थेतल्या अनिंदिता भद्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आपल्या रस्त्यावरच्या कुत्र्यांवर बरंच काम केलंय. कधीही न शिकवलेले कुत्रेही अनोळखी माणसानं बोट दाखवलेल्या दिशेनं जातात, हे त्यांनी दाखवलं. २०१७ च्या अभ्यासात वारंवारच्या भेटींत या कुत्र्यांना खाऊपेक्षा कुरवाळण्यानं माणसाचा विश्वास जास्त वाटला. म्हणून रस्त्यावरून आणलेल्या कुत्र्यासाठी पहिले पंधरा दिवस मी काहीच शिकवू देत नाही. शेजारी बसा, तो आला तर छातीखाली खाजवा. डोक्यावरून हात आणू नका, त्या हातानं त्याला दगड मारलेले असतात.

१३. मळ्यात राखणीला कुत्रा हवा. प्रेमानं शिकवला तर चोरावर भुंकेल का?

भुंकेल. राखण ही मारातून येत नाही, ती जात, वाढ आणि ओळखीतून येते. आपल्या भागातल्या ठेलारी मेंढपाळांचे कुत्रे बघा. त्यांना कोणी चोक चेन लावत नाही, पिल्लू कळपातच वाढतं आणि कळप त्याचं घर होतो. तसंच मळ्याची हद्द पिल्लाला रोज फिरून दाखवा आणि हाकेला येणं पक्कं करा. यावलजवळच्या एका केळीच्या मळ्यात मी असाच एक गावठी कुत्रा पाहिला. रात्री भुंकायचा, आणि दादांनी शीळ घातली की दोन ओळींच्या मधून धावत येऊन पायाशी बसायचा. भुंकणारा कुत्रा पुष्कळांकडे असतो, सांगितल्यावर गप्प होणारा थोड्यांकडे.

दिवसभर आखूड साखळीला बांधून, मिरची खाऊ घालून 'तिखट' केलेला कुत्रा राखणदार नसतो. तो घाबरलेला असतो आणि एक दिवस वाटेकऱ्याच्या पोराला धरतो. प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्याविरुद्धच्या १९६० च्या कायद्याच्या कलम ११ प्रमाणे मारहाण आणि अवाजवी आखूड वा जड साखळी हा गुन्हाही आहे.

१४. आमचा कुत्रा बाहेर खाऊच घेत नाही. बक्षिसाची पद्धत याच्यावर चालत नाही ना?

घरी घेतो आणि बाहेर घेत नाही, म्हणजे तो घाबरलाय किंवा फार उत्तेजित आहे. लग्नाचा डीजे दाराशी असताना त्याला काही शिकवता येत नाही, कुठल्याच पद्धतीनं. आवाजापासून इतकं लांब जा की तो तुकडा घेईल, आणि तिथून सुरुवात करा. रोज चार पावलं जवळ. फटाक्यांचा सराव फोनवर बारीक आवाजात दिवाळीच्या दोन महिने आधी सुरू करा, लक्ष्मीपूजनाच्या दिवशी नाही. फारच घाबरणाऱ्या कुत्र्याला औषधाची जोड लागते, ती पशुवैद्यकाकडूनच घ्या.

१५. जेवताना जवळ गेलं की गुरगुरतो. हे तर मोडायलाच हवं?

गुरगुरणं मोडू नका. ती त्याची सूचना आहे. मारून ती बंद केली तर भीती तशीच राहते आणि पुढच्या वेळी तो न सांगता चावतो. भांड्याजवळून जाताना लांबूनच कलेजीचा तुकडा आत टाका आणि पुढे चला. काही आठवड्यांत तो तुम्हाला बघून शेपूट हलवायला लागतो. मुलांना या सरावात घेऊ नका. आधीच कुणाला चावला असेल तर हे घरी करू नका, जाणकार माणूस बोलवा.

कुठल्याही कुत्र्यानं चावलं तर जखम पंधरा मिनिटं साबण आणि वाहत्या पाण्यानं धुवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन रेबीजची लस सुरू करा. हळद, चुना काही लावू नका.

१६. कुत्रा शेळ्यांमागे धावतो. यावर तरी शॉक कॉलरच लागतो, असं एक जण म्हणाला.

त्याच्या म्हणण्याला आधार आहे, तो लपवणं बरोबर नाही. अमेरिकेत २०२४ मध्ये छापलेल्या एका अभ्यासात १९ कुत्रे पळत्या आमिषामागे धावायचे. शॉक कॉलरचा गट दोन वर्गांत थांबला, खाऊवाले गट थांबले नाहीत. पण कॉलरच्या गटातले कुत्रे विजेच्या झटक्याला केकाटले, आणि खाऊवाल्या गटांना दिलेलं शिक्षण फार थोडं होतं, अशी टीका झाली. दुसरीकडे लिंकनचा निकाल उलटा आहे, तो प्रश्न २ मध्ये दिलाय. वेल्सनं तर २०१० मध्येच या कॉलरवर बंदी घातली.

मी तो वापरत नाही. आपल्या वाड्या-वस्त्यांवर शेळ्यांबरोबर पोरं असतात, आणि झटका त्या क्षणी कुणाला चिकटेल हे बटण दाबणाऱ्याच्या हातात नसतं. वीस-तीस फुटांची दोरी लावा. शेळ्या लांब असताना तो वळून बघेल तेव्हा भारी बक्षीस द्या, आणि हळूहळू अंतर कमी करा. याला महिने लागतात. तोवर दोरी सोडू नका, कारण एकदा शेळीमागे धावायची मजा मिळाली की तुमची कलेजी तिच्यापुढे फिकी पडते.

१७. महिनाभर ट्रेनरकडे ठेवून शिकवून आणावा का?

माझा कल नाही म्हणण्याकडे आहे. कुत्रा तिथल्या माणसाचं, तिथल्या अंगणात ऐकायला शिकतो. घरी आल्यावर तुम्हाला तर काहीच शिकवलेलं नसतं. ठेवायचाच असेल तर दोन गोष्टी विचारा: चुकलं तर तुम्ही नेमकं काय करता, आणि मी न सांगता येऊन बघू शकतो का? उत्तर टाळलं तर कुत्रा परत घेऊन या.

१८. सगळं येत होतं, आता अचानक ऐकेनासा झालाय. पद्धत बदलू का?

आधी दवाखान्यात न्या. आपल्याकडे गोचीडांमुळे होणारा ताप फार आढळतो. कुत्रा मलूल होतो, उठायला कंटाळतो, आणि घरचे म्हणतात आळशी झाला. कान दुखत असेल तर पट्टा घालताना गुरगुरतो, कंबर दुखत असेल तर 'बस' म्हटल्यावर बसत नाही. दुखणाऱ्या कुत्र्यावर कोणतीच पद्धत चालत नाही. दहा-बारा महिन्यांचा तरणा कुत्रा असेल तर वयाचा भाग आहे, सोप्या पायरीवर परत या.

१९. दोन वर्षं मारून शिकवलेला कुत्रा आहे. आता बदलता येईल का?

येईल, पण सुरुवातीला तो बिघडल्यासारखा वाटेल. मार थांबला की दबलेलं सगळं वर येतं, भुंकणं वाढतं. लोक इथेच घाबरून परत काठी उचलतात. सहा-आठ आठवडे धीर धरा. जुने शब्दही टाकून द्या. 'बस' म्हटलं की त्याचे कान मागे जात असतील तर तो शब्द मेला. 'खाली' किंवा आणखी काही नवीन शब्द घ्या आणि अगदी पिल्लाला शिकवल्यासारखं पहिल्यापासून शिकवा.

राणीची चोक चेन मी काढून टाकली आणि छातीचा पट्टा घेतला. तलावावर कुत्रे नसलेल्या कोपऱ्यात आम्ही उभ्या राहायचो. लांब कुणी कुत्रा दिसला की मी तिच्या तोंडात पनीर द्यायची, तिनं काही केलेलं नसतानाही. पाच महिन्यांनी एका सकाळी वीस फुटांवरून एक पॉमेरेनियन गेला. तिनं त्याच्याकडे बघितलं, मग मान वळवून माझ्या खिशाकडे.